उमेदवाराच्या मूल्यमापन अहवालातली वाक्ये कोण लिहितो?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांत कंपन्यांच्या भरतीचा हंगाम सुरू झाला की कोणाला किती पगाराची नोकरी मिळाली आणि कोणत्या महाविद्यालयातून किती विद्यार्थ्यांची निवड झाली, याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात नेमाने येतात. या निवडीत ज्या कागदाचा वाटा फार मोठा असतो, त्या कागदाविषयी मात्र सहसा कुठेच लिहिले जात नाही. ऑनलाइन चाचणी संपल्यावर काही मिनिटांतच संगणकातून आपोआप बाहेर पडणारा ‘उमेदवार मूल्यमापन अहवाल’ हा तो कागद. अशा अहवालांचे साचे, म्हणजे टेम्प्लेट, तयार करून बसवण्याचे काम मी पुण्यात करतो आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. अहवालात उमेदवाराविषयी जे लिहिलेले असते ते संगणकाने काढलेले मत आहे, असा समज उमेदवारांचा, त्यांच्या पालकांचा आणि पुष्कळदा भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांचाही असतो. प्रत्यक्षात ते मत उमेदवार चाचणीला बसण्याच्या कितीतरी आधी, साचा लिहिणाऱ्या माणसाने लिहून ठेवलेले असते, आणि त्या माणसाला आज कोणीही जाब विचारत नाही.

हा साचा कसा तयार होतो ते आधी सांगितले पाहिजे. कार्यालयांतून नोटिसा किंवा निमंत्रणे पाठवताना वर्डमधल्या एका मसुद्यात एक्सेलमधली नावे आणि पत्ते भरून शेकडो पत्रे काढली जातात. त्या ‘मेल मर्ज’चेच हे पुढचे रूप आहे. साच्यात ठरावीक मजकूर असतो आणि मधूनमधून महिरपी कंसांत रकान्यांची नावे लिहिलेली असतात: उमेदवाराचे नाव, चाचणीची तारीख, प्रत्येक विभागाचे गुण, पर्सेंटाइल (म्हणजे तुलनेच्या गटातल्या किती टक्के उमेदवारांपेक्षा गुण जास्त आहेत तो आकडा). चाचणीच्या सर्व्हरवरून माहिती येते, कंसांच्या जागी बसते आणि पीडीएफ तयार होते. इथपर्यंतचे काम सरळ आहे आणि त्यात चूक झाली तरी ती चटकन दिसते. अडचण सुरू होते ती अटींवर छापल्या जाणाऱ्या परिच्छेदांपासून. संवादकौशल्याचे गुण ७० च्या वर असतील तर हा परिच्छेद छापावा, ४० ते ७० असतील तर तो छापावा आणि ४० च्या खाली असतील तर तिसरा छापावा, अशा सूचना साच्यातच असतात. ‘उमेदवार दबावाखाली गोंधळून जाण्याची शक्यता आहे’ हे वाक्य म्हणजे कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेला एक परिच्छेद असतो आणि एका आकड्याने तो निवडलेला असतो.

दहा गुणविशेष आणि प्रत्येकाच्या पाच श्रेणी धरल्या तर साच्यात पन्नास परिच्छेद लागतात. पन्नास परिच्छेद एक माणूस लिहू शकतो आणि दुसरा माणूस नीट वाचून तपासूही शकतो. परंतु या परिच्छेदांपासून जे वेगवेगळे अहवाल तयार होऊ शकतात त्यांची संख्या ९७,६५,६२५ इतकी आहे आणि ते सगळे वाचून पाहणे कोणालाही शक्य नाही. म्हणून एकाच अहवालाच्या दुसऱ्या पानावर ‘गटात मिसळून काम करण्याची उत्तम क्षमता’ आणि चौथ्या पानावर ‘एकट्याने काम करणे पसंत, सहकाऱ्यांशी संवाद मर्यादित’ अशी परस्परविरोधी विधाने येतात. दोन्ही परिच्छेद आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ते दोन वेगळ्या आकड्यांवरून आलेले असतात. पण अहवाल वाचणाऱ्याला उमेदवारच विसंगत वाटतो. साचा बसवणाऱ्याने निदान एकमेकांना छेद देऊ शकतील अशा जोड्या शोधून त्या वेळी काय छापायचे ते वेगळे लिहिले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला वेळ लागतो आणि अहवालाच्या देखणेपणात त्याने काहीच भर पडत नाही, म्हणून ते टाळले जाते.

तयार शेऱ्यांचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. शिक्षणहक्क कायद्यानंतर २०१० मध्ये आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, तेव्हा शिक्षकांनी प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात अशी अपेक्षा ठेवण्यात आली. कल्पना चांगली होती. पण भरलेला वर्ग, विषयांची संख्या आणि इतर कामांचा बोजा यांमुळे पुष्कळ ठिकाणी तयार नोंदींच्या पुस्तिकांचा आधार घेतला गेला आणि पुढे त्याच नोंदींच्या फाइली एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरू लागल्या. यात मी शिक्षकांना दोष देत नाही. पुस्तिकेतली नोंद उतरवून घेतानाही ते मूल शिक्षकाच्या डोळ्यांसमोर असे आणि नोंद न जुळल्यास ती बदलण्याची मुभा त्याला होती. आपोआप निघणाऱ्या अहवालात ही शेवटची पायरीच नाहीशी झाली आहे. वाक्य आणि उमेदवार यांची गाठ घालून देणारे कोणीही मध्ये उरलेले नाही, म्हणून साच्यातले प्रत्येक वाक्य अगोदरच कसून पारखलेले असले पाहिजे.

या पारखण्यात पहिला प्रश्न श्रेणींच्या सीमांचा. कोणतीही चाचणी माणसाची क्षमता अचूक मोजत नाही. तोच उमेदवार दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारच्या चाचणीला बसला तर त्याचे गुण थोडे वर-खाली होतातच. हा फरक किती असू शकतो हे काढण्याचे साधे सूत्र संख्याशास्त्रात आहे. गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सर्वांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप, १० असेल आणि चाचणीचा विश्वसनीयता गुणांक, म्हणजे पुन्हा घेतल्यास ती किती सारखे निकाल देते हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, ०.८४ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुणांत साधारणपणे पडू शकणारा फरक, ४ गुण येते. ०.८४ हा गुणांक वाईट नाही, बऱ्यापैकी चांगलाच मानला जातो. तरीही त्याचा अर्थ असा की ५३ गुण मिळालेल्या उमेदवाराचे खरे गुण ४९ ते ५७ यांच्या दरम्यान कुठेतरी असावेत, आणि असे म्हणताना आपण ढोबळमानाने तीनपैकी दोन वेळाच बरोबर ठरू. आता ५५ ही सीमा धरून साच्यात खालच्यांसाठी ‘विश्लेषणक्षमता मध्यम’ आणि वरच्यांसाठी ‘विश्लेषणक्षमता उत्तम’ असे लिहिले, तर ५३ गुणांच्या मुलीला एक परिच्छेद मिळतो आणि ५६ गुणांच्या मुलाला दुसरा. दोघांच्या गुणांतला तीनाचा फरक चाचणीच्या स्वतःच्या डळमळीतपणापेक्षा कमी आहे, पण अहवाल वाचणाऱ्यापुढे दोन निराळ्या प्रतीची माणसे उभी राहतात. यावर उपाय अवघड नाही. गुणांशेजारीच त्यांची व्याप्ती छापावी, आणि गुण सीमेच्या जवळ असतील तर ‘या उमेदवाराचे गुण दोन श्रेणींच्या सीमेवर आहेत’ असे स्पष्ट सांगणारा वेगळा परिच्छेद साच्यात ठेवावा. साच्याच्या भाषेत ही एक जादा अट आहे, बाकी काही नाही.

दुसरा प्रश्न रिकाम्या रकान्याचा आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त अन्याय त्यातून होतो. समजा, पाच विभागांची चाचणी आहे. एका विद्यार्थ्याला चार विभागांत ६२, ५८, ६५ आणि ६० गुण मिळाले आणि पाचव्या विभागाच्या वेळी वीज गेली किंवा इंटरनेट तुटले, त्यामुळे तो विभाग नोंदलाच गेला नाही. सर्व्हरवरून त्या रकान्यात काहीच येत नाही. साचा निष्काळजीपणे लिहिलेला असेल तर तो रिकाम्या जागेला शून्य समजतो. मग सरासरी ६१.२५ न येता ४९ येते, शून्य गुणांसाठीचा ‘या क्षेत्रात मूलभूत कौशल्यांचा अभाव आढळतो’ हा परिच्छेद छापला जातो आणि पहिल्या पानावर लाल चौकट उमटते. ज्या मुलाच्या गावात संध्याकाळचे भारनियमन असते किंवा जो मोबाइलच्या नेटवरून चाचणी देतो, त्याच्या वाट्याला हे जास्त येते. ‘मोजले गेले नाही’ आणि ‘शून्य मिळाले’ या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवण्याची जबाबदारी साचा लिहिणाऱ्याची आहे. रकाना रिकामा असेल तर एकूण सरासरी छापूच नये. ‘हा विभाग तांत्रिक कारणाने नोंदला गेला नाही, त्यामुळे एकूण निष्कर्ष काढता येत नाही’ असे छापून तो अहवाल माणसाच्या तपासणीसाठी बाजूला काढावा.

तिसरी बाब वाक्यांच्या दाव्याची. बहुतेक व्यक्तिमत्त्व चाचण्यांत उमेदवाराला काही विधाने देऊन ती किती पटतात ते विचारलेले असते. गटाचे नेतृत्व करायला आवडते का, अनोळखी लोकांत मिसळता येते का, अशा प्रकारची ती विधाने असतात. त्यावरून ‘नेतृत्वाविषयीच्या विधानांशी उमेदवाराने कमी सहमती दर्शवली’ एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. साच्यात मात्र ‘उमेदवारात नेतृत्वगुणांचा अभाव आहे’ असे लिहिलेले असते, कारण ते वाक्य ठाम वाटते आणि अहवाल विकत घेणाऱ्याला ठाम वाक्ये हवी असतात. घरात स्वतःविषयी फार बढाया मारू नयेत असे शिकवलेला मुलगा अशा प्रश्नांना जपून उत्तरे देतो आणि त्याचा तो संकोच उणीव म्हणून नोंदला जातो. इंग्रजीतून घेतलेल्या तर्कचाचणीचेही तसेच आहे. मराठी माध्यमातून दहावीपर्यंत शिकून आलेल्या विद्यार्थ्याला लांबलचक इंग्रजी उतारा वाचून त्यावरच्या तर्काच्या प्रश्नांची उत्तरे वेळेत द्यायची असतील, तर त्याच्या गुणांत तर्कशक्ती किती आणि इंग्रजी वाचनाचा वेग किती हे वेगळे करता येत नाही. म्हणून चाचणी कोणत्या भाषेतून झाली आणि पर्सेंटाइल कोणत्या गटाच्या तुलनेत काढले आहे, या दोन गोष्टी प्रत्येक अहवालात आकड्याच्या शेजारीच छापल्या पाहिजेत. ३५ पर्सेंटाइल म्हणजे ३५ टक्के गुण नव्हेत, हे सीईटीमुळे आता विद्यार्थ्यांना कळते. पण तुलनेचा गट महानगरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या पदवीधरांचा असेल, तर तोच विद्यार्थी आपल्या जिल्ह्यातल्या पदविकाधारकांत बराच वर असू शकतो, हे अहवाल वाचणाऱ्याला कोणी सांगत नाही.

मर्यादा सांगणारा मजकूर अहवालांत नसतोच असे नाही. तो शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असतो. भरती अधिकाऱ्यापुढे एका सकाळी शेकडो अहवाल येतात. तो पहिले पान पाहतो, त्यावरचा रंग पाहतो आणि पुढच्या अहवालाकडे वळतो. त्याच्या वेळेची अडचण खरी आहे. त्यामुळे जे सांगायचे ते पहिल्याच पानावर सांगितले पाहिजे आणि जे पहिल्या पानावर ठेवायला नको ते तिथून काढले पाहिजे. लाल, पिवळा आणि हिरवा हे रंग माझ्या मते काढूनच टाकावेत. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर लाल आणि हिरवा पुष्कळदा जवळजवळ सारखेच राखाडी दिसतात आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही अशा माणसांची संख्या कमी नाही, ही व्यवहारातली कारणे आहेतच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रंग पाहिला की खालचा मजकूर वाचण्याची गरज वाटेनाशी होते. त्याचप्रमाणे ‘निवडीस योग्य’ किंवा ‘निवडीस अयोग्य’ ही ओळ साच्याने कधीही भरू नये. ती जागा रिकामी असावी आणि तिथे निर्णय घेणाऱ्या माणसाने आपला निर्णय, कारण, नाव आणि तारीख लिहून सही करावी.

आपल्याविषयी काय लिहिले गेले हे माणसाला कळले पाहिजे, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी दुसऱ्या एका संदर्भात स्पष्टपणे मांडले आहे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारी नोकरीतल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतल्या एका अभियंत्याच्या १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. शेरा प्रतिकूल नसल्यामुळे तो त्यांना कळवण्यात आला नाही. पण बढतीसाठी सलग पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक होता, त्यामुळे त्या एका ‘चांगला’ने त्यांची बढती रोखली. न्यायालयाने सांगितले की शेरा कोणताही असो, तो संबंधित कर्मचाऱ्याला वाजवी मुदतीत कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध आपले म्हणणे मांडता येईल. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली. परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केलेले आहे. हे निकाल शासकीय सेवेपुरते आणि सार्वजनिक संस्थांपुरते आहेत. खासगी कंपनीच्या भरतीला ते थेट लागू होत नाहीत. पण त्यांमागचा विचार खासगी नोकरी शोधणाऱ्या तरुणाच्या बाबतीत कमी खरा कसा ठरेल? त्याच्याविषयीचे आठ पाने मजकूर कंपनीकडे असतो, चाचणी घेणाऱ्या संस्थेकडे असतो, कधीकधी महाविद्यालयाकडेही असतो, आणि एकट्या त्याच्याकडे नसतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने इथे थोडी वाट मोकळी केली आहे. एखाद्या व्यक्तीविषयीचा निर्णय ज्या माहितीच्या आधारे घेतला जाण्याची शक्यता आहे ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवण्याची जबाबदारी हा कायदा ती माहिती हाताळणाऱ्यावर टाकतो. आपल्या माहितीचा सारांश मागण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्कही त्यात आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे, असेही तो सांगतो. म्हणजे ती मराठीतून मागता येईल. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या पाळायला अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. वर सांगितलेला रिकाम्या रकान्याचा प्रकार अपूर्ण माहितीचा आहे आणि परस्परविरोधी परिच्छेदांचा प्रकार विसंगत माहितीचा आहे, असा माझा या तरतुदींचा सरळ अर्थ आहे. मात्र केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाला हरकत घेण्याचा स्वतंत्र हक्क या कायद्यात नाही. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीत तो २०१८ पासून अमलात आहे, आणि तिथल्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने भरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा प्रणालींना जास्त जोखमीच्या वर्गात टाकले आहे. न्यू यॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशी साधने वापरणाऱ्या कंपनीला त्यांची पक्षपाताच्या दृष्टीने दरवर्षी स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला किमान दहा कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागते. पुण्यात बसून परदेशी ग्राहकांसाठी साचे बनवणारी मंडळी ही सगळी पथ्ये बारकाईने पाळतात, हे मी जवळून पाहतो. तीच काळजी चाकणच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरीसाठी चाचणी देणाऱ्याला मिळायला हरकत नसावी.

मराठीतल्या अहवालांविषयी काही वेगळे सांगायला हवे, कारण उमेदवाराला अहवाल द्यायचा तर तो त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावा लागेल. इंग्रजी साचा घेऊन त्याचे मराठीकरण केले की पहिली अडचण क्रियापदाची येते. इंग्रजीत उमेदवार पुरुष आहे की स्त्री याने क्रियापद बदलत नाही. मराठीत ‘बोलतो’ आणि ‘बोलते’ यांत निवड करावी लागते, आणि साच्याने ती सरसकट पुरुषाची केलेली असते. त्यामुळे मुलींना स्वतःविषयीचे अहवाल ‘तो’ म्हणून वाचावे लागतात. नावापुढे ‘यांनी’ लावून आणि ‘उत्तरांवरून असे दिसते की’ अशी वाक्यरचना ठेवून हे सहज टाळता येते आणि आदरही राखला जातो. नावाचा रकाना हा दुसरा खाचखळग्याचा भाग. आपल्या राज्य मंडळाच्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पहिला शब्द म्हणजे पहिले नाव असे गृहीत धरणारा साचा प्रत्येकाला आडनावाने हाक मारतो आणि कधी वडिलांचे नावच आडनाव म्हणून छापतो. फाँटचा प्रश्न अजूनही संपलेला नाही. पीडीएफ बनवणाऱ्या काही प्रणाल्यांत देवनागरी अक्षरांची जोडणी होत नाही, त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हमखास बिघडतो. कागदावर स्वतःचे नावच चुकीचे दिसले तर त्या कागदावर उमेदवाराने विश्वास का ठेवावा? ज्ञानेश्वरी, कुऱ्हाडे, श्रद्धा, ऋत्विक अशी नावे घेऊन आधी चार-दोन कल्पित अहवाल छापून पाहिले तरी यातले निम्मे दोष सापडतात.

हल्ली या सगळ्यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: ठरलेले परिच्छेद नकोतच, प्रत्येक उमेदवाराचा मजकूर भाषा-प्रारूपाकडून, म्हणजे एआयकडून, नव्याने लिहून घ्यावा. असा मजकूर वाचायला सफाईदार असतो, व्याकरणाच्या वरील अडचणीही त्यात कमी येतात. तरीही निवडीच्या कामासाठी मी त्याच्या विरुद्ध आहे. साच्यातला परिच्छेद चुकीचा असेल तर तो एका जागी दुरुस्त करता येतो, तो कोणाकोणाला गेला हे शोधता येते आणि त्या सर्वांना सुधारलेले अहवाल पाठवता येतात. दर वेळी नव्याने लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात चूक शोधायची तर प्रत्येक अहवाल वाचावा लागेल. शिवाय सारखेच गुण मिळालेल्या दोघांना वेगळी वाक्ये मिळाली तर त्या फरकाचे कारण कोणाला सांगता येणार? ठरावीक वाक्ये रुक्ष असतात, पण ती सर्वांना सारखी लागू होतात आणि त्यांना तपासता येते. स्वयंचलित अहवालांचा मी विरोधक नाही. हजारो अर्जदारांना एकाच कसोटीने पाहण्याची सोय त्यांच्यामुळे झाली आणि मुलाखत घेणाऱ्याच्या लहरीवर, आडनावावर किंवा ओळखीवर चालणारी निवड त्यांच्यामुळे काही प्रमाणात कमी झाली, असे माझे प्रामाणिक मत आहे. म्हणूनच त्या अहवालांचा पाया असलेला साचा कच्चा राहू नये, असे वाटते.

आता मागणी. चाचणी घेणाऱ्या संस्थांनी साच्यातला मजकूर मानसमापनाच्या, म्हणजे क्षमता आणि स्वभाव चाचण्यांनी मोजण्याच्या शास्त्राच्या, जाणकाराकडून वाक्यावाक्याने मान्य करून घ्यावा आणि त्या मान्यतेची नोंद ठेवावी. आज पुष्कळ ठिकाणी हे लेखन नवख्या प्रोग्रामरवर किंवा मांडणी करणाऱ्यावर सोपवले जाते आणि ते बिचारे जुन्या अहवालातली वाक्ये उचलून वेळ निभावून नेतात. प्रत्येक अहवालाच्या तळाशी साच्याचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख असावी, आणि एका भरतीच्या मध्यावर साचा बदलू नये. नवा साचा वापरात आणण्यापूर्वी शून्य गुण, पूर्ण गुण, रिकामा रकाना, नेमके सीमेवरचे गुण, फार लांब नाव आणि एकच शब्दाचे नाव असलेल्या कल्पित उमेदवारांवर तो चालवून पाहावा आणि निघालेले अहवाल माणसाने वाचावेत.

महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांच्या हातात मात्र याहून मोठी ताकद आहे आणि ती ते वापरत नाहीत, याचे मला वाईट वाटते. कंपनीला परिसरात बोलावताना तारखा, पगार आणि बॅकलॉग (उत्तीर्ण व्हायचे राहिलेले विषय) यांच्या अटींवर जेवढी चर्चा होते, तेवढ्याच आग्रहाने आपल्या विद्यार्थ्याविषयीचा अहवाल विद्यार्थ्यालाही मिळावा, मागितल्यास मराठीत मिळावा, आणि त्यातली चूक कळवण्यासाठी किमान सात दिवस मिळावेत, अशी अट घालता येईल. एखाद्या महाविद्यालयाने एकट्याने ती घातली तर कंपनी दुसरीकडे जाईल ही भीती खोटी नाही, त्यामुळे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांनी मिळून ती घालावी. राज्य शासनाच्या कौशल्य विकास विभागाने आपल्या रोजगार मेळाव्यांत आणि आयटीआयमधल्या भरतीत जिथे अशा चाचण्या वापरल्या जातात, तिथे साच्यातला संपूर्ण मजकूर, म्हणजे प्रत्येक श्रेणीची सीमा आणि त्या श्रेणीसाठी छापला जाणारा परिच्छेद, चाचणीआधीच संकेतस्थळावर मराठीत जाहीर करावा. प्रश्नपत्रिका गुप्त ठेवण्याचे कारण समजू शकते. कोणत्या गुणांना आपल्याविषयी कोणते वाक्य लिहिले जाणार आहे, हे उमेदवारापासून लपवण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. येत्या भरती हंगामापूर्वी विभागाने निदान एका जिल्ह्यापुरता हा प्रयोग करावा आणि उमेदवारांकडून आलेल्या दुरुस्त्याही त्याच पानावर प्रसिद्ध कराव्यात, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे.

आपला विश्वासू,
अहवालांचे साचे तयार करणारा एक वाचक,
पुणे